तिसरा गिअर

लोमेलची वाळू अजून क्रँककेसच्या सांध्यात.
गोडेलीव्ह सुईने उकरते.
केकच्या ओव्हनमध्ये केसिंग तापवलं,
लाकडावर पालथं आपटलं:
बेअरिंग टपकन पडलं
दुधाच्या दातासारखं.

पिस्टन तर जाणारच होता. क्लचच्या प्लेटाही.
मग गिअरबॉक्स.

एकाहत्तर साली, शेवटच्या फेरीत
वाउट मागे पडला.
"तिसरा निसटला गं."
"तिसरा कसला, धीर निसटला तुझा," ती म्हणाली होती.
जेवणाच्या टेबलावर सगळे हसले.
तोही, जरासा.

दिव्याखाली धरते ती तिसरा.
बाजूचे खुंट झिजून गोटीसारखे गुळगुळीत;
पकडणार कशाला?

नवा मागवलाय.
जुना रॉकेलने धुऊन
कोटाच्या खिशात ठेवलाय,
रविवारी वृद्धाश्रमात न्यायला.
वाक्य तेवढं अजून
जुळत नाही.