गैरहजेरी

पासपोर्टावरचा शिक्का पुसट:
सतरा की सत्तावीस, कळत नाही.
कॅनडातून पद्मजाचा फोन,
"दादा, मागच्या खेपेला मी सोलापुरात
नक्की किती दिवस होते?
पुरावा हवाय रे."

कपाट उपसलं.
नायनांच्या दवाखान्याची पावती, तिच्यावर तिचं नाव नाही.
शेंगाचटणीचं बिल, तारखेवरच तेल.

अम्मा म्हणाली, माझं विडीचं पुस्तक बघ.

कारखान्याच्या कारकुनाची निळी शाई:
हजार, नऊशे, हजार,
मग एका गुरुवारपासून आडव्या रेघा.
रेघ, रेघ, रेघ, तीनशे, रेघ.
"ती होती ना घरात.
पानं भिजवलीच नाहीत मी."
आणि हे तीनशे?
"त्या दिवशी मैत्रिणीबरोबर तुळजापूरला गेली.
दुपारभर काय करायचं मग?"

मोजले. एक्केचाळीस.
फोटो काढून पाठवले.
रात्री तिचा निरोप:
वकील हसला, पण आकडा जुळला.
एवढे दिवस वजा होतील.
अर्जात त्या रकान्याला
गैरहजेरी म्हणतात.

अम्माला हे सांगितलं नाही.
ती सूप मांडीवर घेऊन
कात्रीनं पान कापत होती,
मान वर न करता म्हणाली,
"एक्केचाळीस पुरतील ना रे तिला?"