आधी कानाशी धर

बेसिनमध्ये नाही, यानेथ.
भोकाला बूच लाव, तरीही बेसिनमध्ये नाही.
सुपाचा वाडगा घे, तो काठ उडालेला,
तळाशी मऊ फडकं अंथर, मग पाणी ओत.
कोमट. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ,
दायरा तान्ही असताना दूध बघायचीस तसं.
कढत नको. तुला सगळंच कढत लागतं,
कॉफी, अंघोळ, भांडण.
पाचूला नाही सोसत ते.
त्याच्या पोटात चिरा आहेत,
चिरांत देवदाराचं तेल मुरवलेलं,
उकळत्या पाण्यात ते निघून जातं
आणि खडा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा बघत राहतो.

अमोनिया जिथून काढलास तिथे ठेव.
टूथपेस्टही. व्हिनेगरचं नाव काढू नकोस.
शेजारच्या मार्लेनीचं ते थरथरणारं यंत्र
तिला परत दे, तिचे हिरे आहेत, तिला लखलाभ.
मूसोत विकणारे त्या चिरांना बाग म्हणायचे,
घेणारे चीरच म्हणायचे,
आणि बाबा दोघांच्या मध्ये टोपी हातात धरून उभे असायचे.

साबणाचे दोनच थेंब, बाळाचा असेल तर उत्तम.
ब्रशही बाळाचाच, दात येतानाचा.
वरून नाही, मागून घास,
हातावरची क्रीम, कणकेचा चिकटा, सगळं मागेच साठतं.
घासू नकोस खरं तर. विचारपूस कर.

मी नुसती घासली नव्हती, टाचणीनं कोरली होती.
तुला आठवणार नाही, तू सात वर्षांची होतीस,
पांढरा झगा घालून चर्चला निघालेली,
आणि मी सोळाची, सगळं येत असलेली.
कोंदणाच्या मागून काळा चिखल निघाला,
पाटीच्या दगडाचा, खाणीतून नदीत ढकललेला तो राडा
ज्यात गुडघाभर उभे राहून
बाबांनी अकरा वर्षं फावडं मारलं
आणि मसुराएवढा हा एकच खडा विकला नाही.
मी तो चिखल मोरीत सोडला.
अंगठी अशी झळकली की आईनं हात पदराआड,
नाही, शालीआड घेतला. लाजली होती.

चर्चमधून परतलो तेव्हा कोंदण रिकामं.

तीन दिवस अंगण चाळलं.
कोंबड्यांवरही संशय घेतला, त्यातली एक कापली.
खडा सापडला झाडूच्या काड्यांत.
मी रडत होते, आई काड्या सोडवत होती.
म्हणाली, एक नखी केव्हाचीच मोडलीय,
मला ठाऊक होतं,
चिखलानं धरून ठेवला होता.

मग सोनाराकडे का नाही नेलीस?
किती वर्षांनी विचारलं मी तिला, चिकिंकिरातल्या दवाखान्यात,
हातातून अंगठी उतरवायला लावली होती तेव्हा.
सोनार आधी वजन करतो, म्हणाली,
मग किंमत सांगतो.
किंमत कानावर पडली असती तर विकावा लागला असता.

त्यानंतर तिनं नखीवर दोरा गुंडाळला होता.
हिरवा, शोधून आणलेला.
तो कुजला कधी, गळला कधी, कुणाला माहीत.
तुला अंगठी मिळाली तेव्हा तो नव्हता.
पुन्हा मळ होता,
या वेळी साधा, घरातला,
मक्याच्या पिठाचा.

तर शनिवारच्या लग्नाचं नंतर बघू.
पाणी निवू दे, निवलं तर निवलं.
फोन बाजूला ठेव, बंद करू नकोस.
अंगठी कानाशी धर
आणि हळू हलव.
टिक असं वाजलं
तर धुऊ नकोस, पुसूही नकोस,
कापसात गुंडाळून माझ्याकडे घेऊन ये,
जशी आहे तशी.

हलव.
मी थांबते.