मिक्सर, चटणीचा नव्हे

मिक्सर घेतेय म्हटल्यावर
इचलकरंजीहून नणंद म्हणाली,
तीन भांड्यांचा घे,
खोबरं वाटताना झाकण उडतं का तेही बघ.
मी म्हटलं, वन्सं, हा वाटायचा नाही,
आवाज उचलायचा मिक्सर आहे.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, वॉट किती?

ब्रॅडफर्डच्या दुकानातला पोरगा
बारा चॅनेलचं धूड पुढे सरकवत होता.
निळे दिवे, नव्याण्णव तऱ्हांचे प्रतिध्वनी,
गुहेत गा, चर्चमध्ये गा, न्हाणीघरात गा.
न्हाणीघर आहे माझ्याकडे, म्हटलं.
तू फक्त हेडफोन दे,
गेनचं बटण पुरतं उजवीकडे फिरव
आणि गप्प राहा.
सूंऽऽऽ
वाळूची गोणी फुटल्यासारखं.
त्यात माझा कोमल रिषभ
तांदळात सांडलेल्या साबुदाण्यासारखा
शोधत बसावं लागलं असतं.

माझा आवाज लहान आहे.
जन्मतः नव्हता.
हडर्सफील्डच्या या रांगेत
तेवीस नंबर आणि पंचवीस नंबर
यांच्यामध्ये विटांची एकच भिंत.
पलीकडे डोरीन हेपवर्थ.
आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात
तिने भिंतीवर तीनदा ठोठावलं,
तेव्हापासून अकरा वर्षं
पातेल्यावर झाकण ठेवावं तशी गाते मी.
अशा आवाजाला
खालून हात घालून उचलणारं कुणी लागतं,
आणि उचलताना त्याने स्वतः धापा टाकायच्या नाहीत.
प्रीअँपचं काम एवढंच.

औषधांच्या दुकानातल्या शनिवारच्या जादा पाळ्यांचे
नव्वद पौंड होते.
शेवटी ब्रिगहाउसला, बंद पडलेल्या कामगार क्लबातून
क्लाइव्ह सटक्लिफने एक जुना काढून दिला.
चारच चॅनेल. तिसरं मुकं,
चौथ्याच्या फेडरवर कुणाची तरी बिअर वाळलेली.
पण पहिल्या दोघांना
त्याने गेन पूर्ण दिला आणि हात खिशात घातले.
काहीच नाही.
मी विचारलं, चालू आहे ना?
तो हसला, नखाने माइक खाजवला,
आणि मी जागची उडाले.
सत्तर म्हणाला, पासष्टला दिला, वर दोन केबल.
शिवाय पट्टीवर निळ्या पेनाने लिहिलेलं,
बिंगो पुकारणाऱ्या कुणा मॉरीनचं नाव.
ते मी पुसलं नाही.

नोव्हेंबरात इथे चार वाजताच
मारव्याची वेळ होते.
दिवा न लावता बसले.
दुसऱ्या चॅनेलात फोनवरचा तंबोरा,
पहिल्यात मी, मॉरीनच्या जागी,
हळूच, नेहमीसारखी,
षड्जाला टाळत टाळत.

मग ऐकलं.
आधी माझा श्वास. रेडिएटरची टिकटिक.
मग भिंतीपलीकडचा टीव्ही,
प्रश्नमंजूषा, टाळ्या, कुणीतरी चुकलं.
त्या बारा चॅनेलवाल्याने हे सगळं
वाळूखाली गाडलं असतं.
मग माझा निषाद, मग रिषभ,
आणि टाळ्या मध्येच तुटतात.
मी पाच मिनिटं अठरा सेकंद गाते
आणि पाच मिनिटं अठरा सेकंद
पंचवीस नंबरात कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही.
मी थांबते.
चार मोजावेत इतका वेळ.
मग टाळ्या परत.

पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तुटल्या.
तीनदा ठोठावलं होतं तिने.
कशासाठी, ते मी कधी विचारलंच नाही.

रात्री नणंदेचा फोन,
आला का मिक्सर? बारीक वाटतो का?
फार बारीक, म्हटलं.
पण उद्या गेन जरा कमी ठेवणार आहे.
एवढा लागायचा नाही.