संतान, दोन वाट्या

वरच्या खोलीतली वुलान
जावाची, औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
भाडं तीन तारखेला, चपला दाराबाहेर,
तक्रारीला जागा नाही.
एप्रिलात एका दुपारी खाली आली,
कपाळावर पीठ,
आणि शिकवणीतल्या मराठीत म्हणाली,
"काकू, तुमच्याकडे संतान आहे?"

वीसेक वर्षं झाली असतील
हे कोणी तोंडावर विचारल्याला.
आधी हळदीकुंकवात विचारत,
मग दवाखान्यात, वेगळ्या शब्दांत,
मग टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणी
माझ्यासमोर आपल्या मुलांची नावंच घेईनाशा झाल्या.
मी म्हटलं, "नाही."
ती म्हणाली, "मग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल?
दोन वाट्या पुरे."

मी बघतच राहिले.
तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं:
फुटलेला नारळ, शेजारी पांढरंशुभ्र दूध.

नारळाचा रस! अगं, रस म्हण.
सहकारनगरात कुणी दुपारी इतकं हसत नाही.

विळी काढली. माळ्यावरचा सोऱ्या काढला.
शेवेची ताटली बारीक पडली, पापडीची रुंद,
जाड शेवेची बसली एकदाची.
तिकडचं सुगंधी पान इथे मिळेना
म्हणून पिठात तिनं पालक वाटून घातला होता;
मी मुळशीच्या आंबेमोहोराची कणी वाटून दिली.
तिनं वाटी नाकाशी धरली, मग
बराच वेळ खाली ठेवली नाही.

बर्फाच्या पाण्यात हिरव्या अळ्या पडत गेल्या.
"चेंदोल. आमच्या गावात दावेत."
"माझ्या माहेरी शिरवाळे," मी म्हटलं,
"मालवणात. पांढरे असतात, आणि गरम."
गूळ तिला ताडाचा हवा होता.
कोल्हापुरी दिला. "चालेल," म्हणाली,
हा शब्द ती पुण्यात पहिल्या आठवड्यातच शिकली.

पंचाच्या फडक्यात चव बांधून
आम्ही आळीपाळीनं पिळलं.
"पहिलं संतान दाट," ती सांगत होती,
"दुसरं पातळ. दोन्ही लागतं."
माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ.
"आणि मीठ, काकू. चिमूटभर."
घातलं.

गच्चीवर स्टीलचे पेले घेऊन बसलो
तर सरनोबत वहिनी कठड्यावरून वाकल्या:
"काय केलंय एवढं?"
"संतान," मी म्हटलं. "घ्या ना थोडं."
त्यांचा हात पेल्यापर्यंत आला
आणि तिथेच थांबला.
बर्फ वितळत होता.