चौथं शीड

खोर-सदफच्या जुन्या गोदीमागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. पाटीवर तीन लिपी,
तिन्हींत एकच शब्द: गणवेश.
मूळचा मी दाभोळचा. इथे सगळे मास्टर म्हणतात.
बावीस वर्षांत नाव विचारलं गेलं ते एकदाच,
तेही लिहून घेण्यासाठी.

साम्राज्याची दलं मी कापडावरून ओळखतो.
भूदल वाळूच्या रंगाचं, चार धुण्यांत हाडाच्या रंगाचं.
आरमार पांढरं; कॉलरवरचं मीठ
समुद्राचं की मानेचं, ते बोटांना कळतं.
तेलविहिरींच्या पहारेकऱ्यांना बटणं शिंगाचीच,
ठिणगी नको म्हणून.
राजवाड्याच्या दलाला खांदा दोन इंच जास्त:
आतून कापूस, बाहेरून दरारा.

आठव्या खात्याला गणवेश नाही.
ते साध्या सदऱ्यात येतात
आणि अस्तराच्या आत एक खिसा मागतात.
कशासाठी, ते मी विचारत नाही.
लांबी-रुंदी सांगतात, तेवढ्यावरून समजतं.

त्यांतला एक, हमूद साहेब, म्हणाला,
‘माप घेताना पोरं काय बोलतात, मास्टर?’
मी तोंडातल्या टाचण्यांकडे बोट केलं.
त्याने तळहात पुढे धरला. ‘काढा.’
अकरा टाचण्या मी एकेक करून
त्याच्या हातावर ठेवल्या, ओल्या.
मग म्हणालो, ‘बूट चावतात म्हणतात, साहेब.’
त्याने तेही लिहून घेतलं.

सामुद्रधुनीत लढाई सुरू झाली.
रेडिओ रोज सरशी सांगायचा.
माझी वही निराळं सांगायची:
छाती चाळीस, मग अडतीस,
रमजान उजाडेपर्यंत चौतीस,
आणि एका दुपारी बत्तीस.
पोराचं नाव खमीस. सोबत आई आली होती.
मी पँटीला टाचण्या लावत खाली बसलेला,
ती वरून म्हणाली,
‘दुमडीत थोडं कापड राहू दे, वाढत्या अंगाचा आहे.’
शाळेच्या कपड्यांना सांगतात तसं.
सरकारी नियम एक इंचाचा.
मी तीन ठेवले.
माझे वडील म्हणायचे, मापात पाप नको.
हे पाप कोणत्या वहीत लिहितात, ठाऊक नाही.

त्याच हिवाळ्यात म्हातारा बादशहा गेला, गादीवर मुलगा आला.
राजचिन्हावरच्या गलबताला तीन शिडं होती.
फर्मान निघालं: शिडं चार.
सहा हजार बिल्ले, मुदत नऊ दिवस.
सोनेरी दोरा सरकारचा, दिव्याचं तेल आमचं.
माझा कारागीर फकरुद्दीन, डोळ्यांवर दोन चष्मे चढवून,
म्हणाला, ‘मास्टर, गलबत इतकंसं. हे चौथं उभं कुठे करायचं?’
‘डोलकाठी टाक, मग शीड. फार विचार नको.’
वारं कुठून आणायचं, ते फर्मानात नव्हतं.

बिल्ले बदलायला जुने गणवेशही आले,
आघाडीवरून, धुऊन, गोणीत भरून.
छातीवर रफू केलेले आम्ही बाजूला काढत होतो,
ते राखीव फौजेसाठी.
पंधराव्या की सोळाव्या गोणीत
एक पँट हाताला जड लागली. खालीच जड.
उलटी केली.
तीन इंच. माझाच टाका, तिरपा,
एकही सुटलेला नव्हता.
उसवायची वेळच आली नव्हती.

चिठ्ठी होती: पुढचा जवान उंच आहे, लांबी वाढवावी.
हमूद साहेब खुर्चीवर चहा पीत होता.
माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या,
तरी मी बोललो नाही.

पात्याने दोरा कापत गेलो.
आतलं कापड नवंकोरं निघालं,
ऊन न पाहिलेलं, पहिल्या दिवशीच्या वाळूचं.
पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, मग दाबून, मग पुन्हा.
घडीची रेघ गेली नाही.