उजवीकडे वळणारी वाहने

विनिपेग. फेब्रुवारी. उणे सत्तावीस.
इथे शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी चार ते सहा
कॅलडर स्ट्रीटच्या चौकात गाडी लावून
मी रेघा मारते:
सरळ जाणारी, डावीकडे वळणारी,
उजवीकडे वळणारी.

उजवा रकाना कोराच.
उजवीकडे सेंट ब्रेंडन हॉस्पिटल होतं.
आता पत्र्याचं कुंपण, त्यामागे बॉयलरची चिमणी,
ती ठेवणार आहेत म्हणे, शोभेला.
रुग्णवाहिकांसाठी कापलेली वळणाची मार्गिका
अजून तशीच, रुंद,
बर्फाने काठोकाठ भरलेली.

आराखड्यात सहाशे बारा घरं,
एक पाळणाघर, किराणा,
आणि शवागाराच्या जागी पार्किंग
(तळघर आयतंच आहे, खोदाई वाचते).
तक्ता सांगतो,
गर्दीच्या तासाला घरटी शून्य पूर्णांक चौतीस फेऱ्या.
म्हणजे दोनशे आठ.
त्यातून हॉस्पिटलच्या जुन्या फेऱ्या वजा करायच्या,
रिकाम्या जागेला तिची पूर्वपुण्याई मिळते
असा नियम आहे.

म्हणून जुनी फाइल उघडली.
कर्मचारी, भेटीला येणारे, धोब्याचा ट्रक, ऑक्सिजन.
आत येताना गाडीत दोघं, जाताना एक,
त्याला वेगळा रकाना नाही.
आत दोघं, बाहेर तीन,
त्यालाही नाही.
तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखेच:
एक गाडी आत,
एक गाडी बाहेर.

युक्रेनियन चर्चच्या तळघरात बैठक झाली.
कॉफी पातळ, खुर्च्या कमी,
पार्किंगवरून तासभर कडाकड.
बिल्डरचे थॉर्वाल्डसन नकाशावर काठी फिरवत होते.
मग ओरिसिया ह्नाटिऊक उठल्या,
एकतीस वर्षं रात्रपाळीची नर्स,
म्हणाल्या, सगळं ठीक आहे हो,
पण मला रस्ता ओलांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन गेले.
बावीस मीटर रस्ता. सिग्नल देतो एकोणीस सेकंद.
ओरिसियाबाईंना लागतात एकतीस.
मधल्या बारा सेकंदांत
त्या कुणाच्या भरवशावर असतात,
हे आमच्या नियमावलीत नाही.

बस मात्र अजून आत शिरते.
एल्पिडिओ चालवतो ती,
कुंपणाबाहेर उरलेल्या अर्ध्या वर्तुळाला फेरी घालतो,
दोन मिनिटं थांबतो, दार उघडतो, मिटतो.
विचारलं तर म्हणतो,
वेळापत्रकात आहे, बाई.
कुणी खोडलं नाही, तर मी का खोडू?

आणि पाऊलवाट.
रात्री बर्फ पडतो, पहाटे ती असतेच:
वाकवलेल्या पत्र्यातून तिरकी,
अपघात विभागाच्या दारावरून मागच्या गल्लीपर्यंत.
सफाईवाल्या बाया, शाळेची पोरं,
घसरगाडीवर सिलिंडर ओढणारे म्हातारे फ्लेट.
सातच्या आत एक्केचाळीस माणसं.
मी नकाशावर ठिपक्यांची रेघ ओढली,
ती नेमकी इमारत 'क'च्या जिन्यातून गेली.
थॉर्वाल्डसन म्हणाले, एक्केचाळीसच ना?
मी म्हटलं, बर्फ पडला तेव्हा.
एरवी कुणी मोजलंय?

शेवटच्या दिवशी, पाच चाळीसला,
एक जुनी निळी गाडी
चारही दिवे लुकलुकवत आली
आणि उजवीकडे वळली.
साठलेल्या बर्फात रुतत, पत्र्यापाशी थांबली.
एक माणूस उतरला, टोपी नाही, हातमोजे नाहीत,
दोन्ही तळव्यांनी पत्रा बडवू लागला.
मागच्या सीटवर कुणीतरी वाकलेलं होतं.
मी काच खाली केली, ओरडून सांगितलं:
नदीपलीकडे! चौदा मिनिटं!
पूल मोकळा असेल तर!

गाडी उलटी फिरली.
सिग्नल लाल होता. ती थांबली नाही.

काच वर करायला विसरले मी.
बोटं वळत नव्हती,
तरी कागदावर लिहिलं:
उजवीकडे, आत, एक.
बाहेर, एक.

गाडीत किती जण होते,
ते अजून ठरायचं होतं.