रुमालाखाली

पहिल्या सीटीत काही नाही. एमआरआयतही.
तरी गिळताना डावीकडे
बोराच्या बीएवढं काहीतरी सरकतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा काढू,
नाहीतर थांबू. तुम्ही ठरवा.
आणि गळ्यावर बोटं दाबली.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं
मी रुमालाखाली भाव वाचले.
बोटावरून कळायचं
माल नासका आहे की माणूस.
बाईंच्या बोटांतून काहीच कळलं नाही.

हेमलता म्हणते, करून टाका, पैसे गेले तर गेले.
मग तीच: आणि सापडलं तर?

रात्री तुर्भ्याला ट्रक लागतात.
मी जागा. गळ्यावर पंचा,
पंच्याखाली माझीच दोन बोटं.
गिळतो. थांबतो. पुन्हा गिळतो.
सौदा फुटत नाही.

सकाळी फोनवरच्या मुलीला म्हटलं,
गुरुवार लिहा.
पेन्सिलीनं लिहा.